काडतूस बसते, पण बंदूक पेलते का?

मलकापूरहून भुसावळकडे जाताना मुक्ताईनगरनंतर वरणगाव लागते. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या वेशीपलीकडचा तिथला आयुधनिर्माणी कारखाना रायफलची काडतुसे बनवतो. लहानपणी मला वाटे, माप जुळले की काडतूस कोणत्याही बंदुकीत चालावे. तसे नाही, हे इतिहासाने शिकवले.

१८८८ साली ब्रिटिशांनी थ्री-नॉट-थ्री काडतूस आणले, ते काळ्या दारूचे. तीन-चार वर्षांत त्यात कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. तिच्या उष्णतेने मेटफर्ड नळीतल्या उथळ खाचा झपाट्याने झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये खोल खाचांची एनफिल्ड नळी आली. काडतुसाचे माप तेच राहिले. बदलावी लागली ती नळी.

दुसरा धडा आपल्याच देशातला. १९६२च्या युद्धात आपले बहुतेक जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. पुढे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस रूढ झाले आणि इशापूरच्या कारखान्याने त्याच जुन्या धाटणीची रायफल नव्या काडतुसासाठी बनवली. आजच्या मानकांनुसार थ्री-नॉट-थ्रीचा कमाल दाब ३६५ मेगापास्कल, तर ७.६२चा ४१५, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ३,६०० आणि ४,१०० पट. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे हिसका सगळ्या सांगाड्याला सोसावा लागतो. म्हणून इशापूरने सांगाड्यासाठी अधिक चांगले पोलाद वापरले, मॅगझिनही बदलले. '२ए१' म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीला बसवलेली नवी नळी, हा समज चुकीचा आहे. ती मुळातूनच नव्याने घडवलेली रायफल होती.

हा केवळ लष्करी इतिहास नव्हे. घाटाखालच्या एका जुन्या घरात मी आजोबांच्या काळची बारा बोर बंदूक पाहिली. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या अशा बऱ्याच नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केल्यामुळे घरातला तरुण तीत आजचे काडतूस घालायला निघाला होता. काडतूस सहज बसत होते. धोका तिथेच होता. नव्या दारूसाठी तपासल्याचा ठसा नळीवर कुठेच नव्हता.

मी त्याला एवढेच सांगितले, "बाबा रे, आधी जाणत्या कारागिराला दाखव." बंदूक पुन्हा कपाटात गेली. त्या हंगामात शेतावर डबे वाजवूनच राखण झाली.