अभंगातला ख्रिस्त

अहिल्यानगर परिसरातल्या एखाद्या गावी ख्रिस्ती मंडळीच्या भजनाला बसावे. पेटी, तबला, झांजा असतात, चाल वारीच्या वाटेवर ऐकू यावी अशी असते आणि गाणारा देवाला सरळ 'तू' म्हणतो. त्याच्यापाशी गाऱ्हाणे मांडतो, त्याच्यावर रुसतो, त्याला आई म्हणतो. देवाशी इतक्या जवळून बोलण्याची ही रीत मराठी ख्रिस्ती माणसाने कुठून मिळवली, असे विचारले की जाणकारांचे बोट बहुधा गोव्याकडे, ख्रिस्तपुराणाकडे वळते. काळाच्या हिशेबाने ते ठीकच आहे. वंशावळ मात्र दुसऱ्या वाटेने आलेली आहे आणि ती वाट समजून घेण्यासारखी आहे.

आधी गोवा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. तिथल्या माणसांची देवळे पाडली गेली होती, पोथ्या जाळल्या गेल्या होत्या, आणि बाप्तिस्मा झालेल्यांना जुनी पुराणे ऐकण्याची बंदी होती. त्याने रचलेल्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच हे दुःख येते. पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असे नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो. या प्रश्नाशेजारी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते. ज्याच्याकडून श्रवणाचे सुख काढून घेतले, त्यानेच ते परत मागितले आणि परकीय धर्मगुरूला ते मागणे कळले. स्टीफन्स मराठी शिकला, ओवी शिकला, आणि 1616 मध्ये साष्टीतल्या रायतूरला त्याचा हा ग्रंथ छापून झाला. मराठी अक्षरांचे खिळे मिळावेत ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. छपाई रोमन लिपीत करावी लागली. पहिले पुराण आणि दुसरे पुराण मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या, स्वर्गाला वैकुंठ म्हणणाऱ्या, चर्चमध्ये मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा छपाई झाली.

तरीही ते पुराण होते. पुराणात सांगणारा वर बसतो आणि ऐकणारे समोर. सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, ख्रिस्ताचा जन्म, क्रूस, पुनरुत्थान ही सारी कथा स्टीफन्स रसाळपणे सांगतो, मधेच श्रोता शंका विचारतो, पाद्री उत्तर देतो. ऐकणाऱ्याचा विश्वास त्यातून पोसला जातो, पण त्याला स्वतःचे तोंड उघडून देवाशी बोलायला पुराणात फारशी जागा नसते. हा स्टीफन्सचा दोष म्हणता येणार नाही. त्या प्रकाराची घडणच तशी आहे.

पुढे ही परंपरा वाढली असती. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनी संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचलेही. पण राज्यकर्त्यांचे मन फिरले. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेवर घाला घातला आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज बोलावे असे ठरवले. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. आज तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत हाती नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत, विशेषतः गोव्याहून दक्षिणेला गेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती घरांमध्ये. देशावर त्याचा मागमूस नव्हता.

देशावरची कहाणी वेगळ्याच ठिकाणाहून सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेले. 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. हे प्रॉटेस्टंट होते. त्यांनी शाळा काढल्या, बायबलचा प्रसार केला आणि गाण्यासाठी आपल्या देशातली गीते मराठीत उतरवली. त्या परक्या चालींत मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ ओढले-ताणले जात. श्रद्धा खरी असली तरी गाणाऱ्याचा गळा पाहुणाच राहत असे. ही अडचण पहिल्यांदा हाताळली ती नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या देशी ख्रिस्ती मंडळींनी. त्यांनी कीर्तनाचा साज उचलला आणि शुभवर्तमान कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. कीर्तनात श्रोता नुसता ऐकत नाही, धृपद धरतो. देवाचे नाव त्याच्या स्वतःच्या तोंडी येते.

आणि मग नारायण वामन टिळक. जन्म 6 डिसेंबर 1861, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचले आणि तिथे अडकले. मुंबईच्या मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो देणारे पाळक होते रेव्हरंड तुकाराम नथोजी. आपल्याला एतद्देशीयाच्याच हातून बाप्तिस्मा हवा, असा टिळकांचा आग्रह होता. पत्नी लक्ष्मीबाईंनी कोसळलेला संसार कसा सावरला आणि काही वर्षांनी त्याही या वाटेवर कशा आल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बाप्तिस्म्यानंतरची आहे. टिळकांनी सुरुवातीची काही वर्षे संतांकडे परकेपणाने पाहिले. मग ते तुकोबांकडे परतले आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगू लागले. ही कबुली नुसत्या सौजन्याची नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी भांडून, रडून, त्याच्यापुढे लोळण घेऊन जे नाते उभे केले, त्याशिवाय टिळकांना ख्रिस्ताशी मराठीत बोलताच आले नसते. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माय होतो, गुरू होतो, सखा होतो. भक्त एका जागी उभा राहत नाही. आधी मागतो, मग मागणे सोडतो, मग आपलेपणच सोडायला निघतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ज्याला पवित्रीकरण म्हणतात, ती हळूहळू होणारी वाढ इथे उपदेशात नसून बोलण्याचा स्वर बदलत जाण्यात दिसते. टिळकांची 'अभंगांजली' सलग वाचली की हे ध्यानात येते, सुटे अभंग वाचून तितके येत नाही.

टिळक तिथे थांबलेही नाहीत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा होती. पुष्कळांना हे धाडस रुचले नाही. 9 मे 1919 रोजी टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही. पण त्यांचे चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत'मध्ये तर टिळकांची गीते आजही मोठ्या संख्येने आहेत.

ओवीकडेही टिळक वळले होतेच. 'ख्रिस्तायन' त्यांनी सुरू केले, सुरुवातीचे अध्याय लिहून ते गेले. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्यांना शाळा अशी मिळालीच नाही, त्या बाईंनी नवऱ्याच्या अर्ध्या राहिलेल्या कथेत आपली भक्ती ओतली. 1936 मध्ये त्या गेल्यावर शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ बाहेर आला. स्टीफन्सनंतर तीनशेबावीस वर्षांनी मराठीत ख्रिस्ताचे दुसरे मोठे ओवीकाव्य आले. मधला धागा मात्र रायतूरचा नव्हता. तो देहूचा आणि आळंदीचा होता.

दोन्ही टोके जवळ आणण्याचे काम जस्टिन अ‍ॅबट यांच्या हातून झाले, आणि या साऱ्या इतिहासात मला तेच सर्वांत हृद्य वाटते. निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून त्यांनी एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांची चरित्रे इंग्रजीत नेली. त्याच सुमारास लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित त्यांनी ओळखले आणि 1923 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. रोमन लिपीतली आवृत्ती जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात 1907 मध्येच काढली होती. देवनागरीत छापलेला ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती आला तो शांताराम बंडेलूंनी 1956 मध्ये संपादन केल्यावर.

म्हणून आजचा मराठी ख्रिस्ती वाचक स्टीफन्सपाशी टिळकांच्या मागून पोहोचतो. त्याचा कान अभंगाने घडलेला असतो. अशा कानाने ख्रिस्तपुराण उघडले, तर कथा सुरू होण्याआधीच्या नमनाच्या ओव्या आधी लक्षात राहतात. स्टीफन्स तिथे श्रोत्यांशी बोलत नाही, थेट देवबापाला हाक घालतो. पुढच्या हजारो ओव्यांत ती हाक कथेच्या ओघात मागे पडते. तरी तिथून वाचायला बसावे आणि कथेतही ती कुठे कुठे पुन्हा उमटते ते शोधावे, असे मी ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोघांनाही सुचवेन. बंडेलूंची प्रत जुन्या ग्रंथालयांत मिळते.