नर्मदाकांठचीं गांवें आणि दप्तराचें मौन

खानदेशचा इतिहास लिहितांना लेखणी बहुधा तापी, गिरणा व पांझरा यांच्या कांठींच थांबते. उत्तर सीमेवरील नर्मदेकडे ती क्वचितच वळते. वास्तविक १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा निराळा होईपर्यंत अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके धुळें जिल्ह्यांतच मोडत होते, आणि सरदार सरोवराविरुद्धचा महाराष्ट्रांतील लढा तेथेंच उभा राहिला. त्या लढ्यांतील एक प्रश्न संशोधकांच्या विशेष विचारास पात्र आहे. कागद नाहीं म्हणून वहिवाटही नव्हती, असें मानावयाचें काय?

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्यें झाला. वांटणीस ठेवलेल्या २८० लक्ष एकरफूट पाण्यापैकीं महाराष्ट्रास अवघें अडीच लक्ष एकरफूट पाणी व विजेचा शेंकडा २७ हिस्सा मिळाला. उलट अक्कलकुव्यांतील ९ व अक्राणींतील २४ मिळून ३३ गांवें बुडितांत धरलीं गेलीं. जमिनीच्या बदल्यांत कुटुंबास निदान २ हेक्टर जमीन देण्याची निवाड्यांतील तरतूद उदार होती, यांत शंका नाहीं. परंतु ती खातेदारास उद्देशून होती. डोंगरांतील अनेक भिल्ल व पावरा कुटुंबें वनखात्याच्या हद्दींत पिढ्यान्‌पिढ्या नेवाड कसीत आलेलीं. त्यांच्या नांवें सातबारा नव्हता. सबब दप्तराच्या लेखीं तीं अतिक्रमणदार ठरलीं.

१९८६ मध्यें नर्मदा धरणग्रस्त समिति स्थापन झाली. मेधा पाटकर व त्यांचे सहकारी गांवोगांव फिरूं लागले. आरंभीं त्यांचा भर माहिती व पुनर्वसन यांवर होता; समाधान न झाल्यानें १९८८ मध्यें धरणास संपूर्ण विरोध जाहीर झाला. जागतिक बँकेनें नेमलेल्या मोर्स समितीनें जून १९९२ च्या अहवालांत पुनर्वसन व पर्यावरण या दोहोंवर ताशेरे ओढले, आणि कागद नसलेल्या कसणारांची बाजूही मांडली. मार्च १९९३ मध्यें भारत सरकारनें बँकेचें उर्वरित कर्ज सोडून दिलें. विशेष हें कीं, विस्थापितांस जमीन देण्याकरितां तळोदें तालुक्यांतील वनच तोडावें लागलें.

सर्वोच्च न्यायालयानें १८ ऑक्टोबर २००० रोजीं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानें बांधकामास अनुमति दिली, व २०१७ मध्यें धरणाचें लोकार्पण झालें. सौराष्ट्र व कच्छ येथें पाणी पोंचलें, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर निराळ्या ठिकाणीं मिळालें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांनीं वृद्धांचीं लेखी निवेदनें, घरें, विहिरी, दफनभूमि व देवस्थानें हीं वहिवाटीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरलीं.

हा पुरावा नर्मदाकांठीं पूर्वींही होताच. पाहणारें दप्तर नव्हतें. आज त्यांतील बहुतेक खुणा, मणिबेलीच्या शूलपाणेश्वराच्या जुन्या मंदिरासह, जलाशयाखालीं आहेत. राहिलीं तीं माणसांचीं निवेदनें. साक्षीदार हयात आहेत तोंवर तीं टिपून ठेवणें हें खानदेशच्या संशोधकांचें कर्तव्य होय, असें आम्हांस वाटतें.