खेळण्यातील डायनोसॉर आणि आपले नर्मदा खोरे

दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचा डायनोसॉर उभा केलेला आता इंदूरच्या मराठी घरांतही आढळतो. मुलांना त्यात काही खटकत नाही आणि खटकूही नये. परंतु हेच प्राणी मोठ्यांच्या संग्रहात येतात, तेव्हा त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. आम्ही आयुष्यभर शासकीय दप्तरे हाताळली. तारखेवाचून कागदाला किंमत नसते, हे तेथे अंगवळणी पडले. खेळण्यातील डायनोसॉरलाही हाच नियम लावावा, असे आमचे मत आहे. अनेक उत्पादक त्याच्या पोटाखाली नाव आणि साल उमटवतात. ते साल वाचल्याखेरीज त्याच्या गुणदोषांची चर्चा करणे व्यर्थ होय.

१८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स याने डायनोसॉरांचे भव्य पुतळे उभारले आणि त्यांच्या लहान प्रतिकृतीही विक्रीस आल्या. त्यातील इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग होते. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे अनेक सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग वस्तुतः अंगठ्याचे अणकुचीदार हाड असल्याचे सिद्ध झाले. १९७४ पासून इन्व्हिक्टा या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी एकरंगी प्राणी काढले, तर १९८८ ते २०१५ या काळात अमेरिकेतील कार्नेगी संग्रहालयाच्या देखरेखीखालील मालिका निघत होती. दरम्यान शेपूट जमिनीवरून उचलली गेली, पाठ आडवी झाली आणि १९९६ नंतर काही जातींच्या अंगावर पिसेही आली. जुन्या खेळण्याची शेपूट जमिनीवर टेकलेली असेल, तर तो कारागिराचा दोष नव्हे. त्या काळी विद्वानांचीही तीच समजूत होती.

आता प्रश्न असा की, या पेटीत आपल्या नर्मदा खोऱ्यातील प्राणी इतके विरळा का? १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरजवळ हाडे मिळाली. त्यांवरून १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. पण नावाला आधार होता तो शेपटीच्या मोजक्या मणक्यांचा, आणि तेवढ्यावरून प्राण्याचे रूप कोण घडवणार? पुढे संशोधकांनी ते नावही संशयास्पद ठरवले. चित्र पालटले ते २००३ मध्ये. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८२ ते १९८४ या काळात गुजरातमधील रहिओली येथून जमवलेल्या हाडांवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मांसाहारी प्राणी जगासमोर आला. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर आणि मागच्या पायांची हाडे हाती असल्यामुळे त्याची मूर्ती घडवणे शक्य झाले.

अशी मूर्ती पारखताना कपाळावरचे शिंग आखूड आणि बोथट आहे की नाही, हे प्रथम पाहावे. पुढचे आखूड हात मात्र अनुमानाचे आहेत. ते सापडलेले नाहीत; अर्जेंटिनातील कार्नोटॉरस या भाऊबंदावरून ते उसने घेतलेले आहेत. रंग तर सर्वस्वी कल्पनेचा. कोणता भाग हाडांवरून आला आणि कोणता तर्कावरून, हे सांगता येणे हीच खरी पारख.

हा विषय आपल्याला परका नाही, याची साक्ष शेजारच्या धार जिल्ह्यात मिळते. बाघ आणि कुक्षी यांच्या परिसरातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद २०२३ च्या संशोधन-निबंधात आहे. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. पाडल्या गावात असे गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून शेताचे रक्षण करण्यासाठी पुजले जात. २०२३ च्या अखेरीस ती डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. आम्हांला त्या पूजेचे हसू येत नाही. शेतकऱ्यांनी देव मानले म्हणून ते दगड जपले गेले.

संग्राहकाची हौस येथेच कसोटीला लागते. प्लास्टिकचा प्राणी बाजारातून कितीही आणावा. पण अंडे जागेवरून उचलले, की कोणत्या थरात, कोणत्या घरट्यात, कितव्या अंड्याशेजारी ते होते, ही सारी माहिती कायमची नष्ट होते. तारीख फाडलेल्या कागदासारखीच त्याची गत होते. म्हणून बाघच्या लेण्यांना जाणाऱ्या आपल्या सभासदांनी नातवंडांसाठी वाटेतला गोल दगड आणू नये. इंदूरच्या बाजारात राजासॉरस शोधावा आणि त्याच्या पोटाखालचे साल त्यांना वाचून दाखवावे.