साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट सांभाळतं कोण? प्रादेशिक कार्यालय चालवणं म्हणजे नेमकं काय?

महाशिवरात्र आणि नागपंचमी जवळ आली की विदर्भातून पचमढीकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढते. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्यापासून पचमढी दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. महादेवाच्या यात्रेसाठी पूर्वी लोक हे अंतर पायी किंवा बैलगाडीने कापायचे. आता बहुतेक जण गाडीनेच जातात. पायी चालणं उरलंय ते मुख्यतः चौरागडच्या पायऱ्यांवर आणि नागद्वारीच्या डोंगरवाटेवर.

गावोगावी अशा जुन्या वाटा आहेत. काही शेतात गेल्या, काहींवर डांबर पडलं, काही झुडपांखाली दिसेनाशा झाल्या. शेकडो किलोमीटरची पायवाट पिढ्यानपिढ्या चालती ठेवायची असेल, तर ते काम करायचं कोणी? सरकारनं, गावानं की चालणाऱ्यांनी?

अमेरिकेतल्या 'अ‍ॅपलेशियन ट्रेल' या पायवाटेनं गेली शंभर वर्षं या प्रश्नाचं एक उत्तर शोधून ठेवलंय. त्या उत्तरात सगळ्यात कमी चर्चा होते ती प्रादेशिक कार्यालयांची, आणि वाट टिकते ती मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. हे काम काय असतं, ते समजून घेऊ.

वाट आधी, कायदा नंतर

१९२१ मध्ये बेंटन मॅके या वनतज्ज्ञानं एका वास्तुशास्त्रविषयक नियतकालिकात लेख लिहून अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या माथ्यावरून एक सलग पायवाट असावी, अशी कल्पना मांडली. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला बैठक होऊन त्यासाठी संस्था स्थापन झाली. आज ती 'अ‍ॅपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी', म्हणजे एटीसी, या नावानं ओळखली जाते. मायरन एव्हरी या वकिलानं १९३१ पासून तिचं नेतृत्व केलं आणि डोंगर चढणाऱ्या स्थानिक क्लबांना सोबत घेऊन प्रत्यक्ष वाट पाडून घेतली. १९३७ मध्ये ती पूर्ण झाली.

दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेला मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत ही वाट १४ राज्यांतून जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर.

पण पूर्ण झालेली वाट लगेच तुटली. १९३८ च्या चक्रीवादळानं उत्तरेकडचा भाग उद्ध्वस्त केला. दक्षिणेत नव्या रस्त्याच्या कामामुळे वाट हलवावी लागली. ती पुन्हा सलग व्हायला १९५१ उजाडलं. पुढच्या काळात आणखी एक अडचण वाढली. वाटेचा बराच भाग खासगी जमिनीतून जात होता. मालकानं तोंडी परवानगी दिलेली असायची. जमीन विकली गेली, घर बांधलं गेलं की वाट बंद व्हायची आणि चालणाऱ्यांना डांबरी रस्त्यावर उतरावं लागायचं. आपल्याकडे पांदण रस्त्याचं जे होतं, तेच.

१९६८ मध्ये अमेरिकी संसदेनं राष्ट्रीय पायवाटांचा कायदा केला आणि या वाटेला संरक्षण मिळालं. १९७८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जमीन घेण्यासाठी मोठ्या निधीची तरतूद झाली. वाट आज जवळजवळ पूर्णपणे सार्वजनिक जमिनीवरून जाते.

मग सरकारच का नाही सांभाळत?

१९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेनं एक वेगळा निर्णय घेतला. वाटेसाठी विकत घेतलेल्या जमिनीची रोजची देखभाल तिनं करारानं एटीसीकडे, म्हणजे एका ना-नफा संस्थेकडे सोपवली. मालकी सरकारची, देखभाल संस्थेची.

संस्थेनं ही जबाबदारी सुमारे ३० स्थानिक क्लबांमध्ये वाटून दिलेली आहे. प्रत्येक क्लबकडे वाटेचा ठरावीक तुकडा असतो. क्लब तो तुकडा पुन्हा आपल्या सदस्यांमध्ये वाटतो. वनरक्षकाचं जसं बीट असतं, तसं इथं एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे किंवा इंजिनिअरकडे पाच-सात किलोमीटरची वाट असू शकते. फरक एवढाच की त्याला पगार नसतो. कोरोनापूर्वीच्या वर्षांत दरवर्षी सुमारे ६,००० स्वयंसेवक मिळून दोन लाखांहून अधिक तास काम करत होते.

या क्लबांना आणि सरकारी खात्यांना जोडण्यासाठी एटीसीनं वाटेचे चार विभाग केले: दक्षिण, व्हर्जिनिया, मध्य-अटलांटिक आणि न्यू इंग्लंड. मुख्यालय वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी या गावात. दक्षिण विभागाचं कार्यालय अ‍ॅशव्हिलला, व्हर्जिनियाचं रोअनोकला. मध्य-अटलांटिक विभागाचं बॉइलिंग स्प्रिंग्ज इथलं कार्यालय तर थेट वाटेवरच आहे.

प्रादेशिक प्रमुखाकडे कोणती कामं असतात?

*क्लबांना उभं ठेवणं.* प्रत्येक क्लब आपल्या तुकड्यासाठी व्यवस्थापन आराखडा लिहितो. कुठं निवारा असेल, पाणी कुठून मिळेल, कुठं तंबू चालणार नाही, पूल कोण दुरुस्त करेल, हे त्यात असतं. तो तयार करून घेणं आणि वेळोवेळी सुधारून घेणं हे प्रादेशिक कार्यालयाचं काम. एखाद्या क्लबमधले सदस्य म्हातारे होत चालले आणि नवे येत नसतील, तर तिथं नवी माणसं जोडण्याची चिंताही याच कार्यालयाला असते.

*प्रशिक्षण.* पडलेलं झाड कापणं सोपं वाटतं, पण ताणाखाली असलेलं खोड जीव घेऊ शकतं. म्हणून सरकारी वनजमिनीवर करवत चालवणाऱ्या स्वयंसेवकाला प्रमाणपत्र लागतं. 'वाइल्डरनेस' म्हणून घोषित जंगलात १९६४ च्या कायद्यानं यंत्रावर चालणारी अवजारं वापरता येत नाहीत. तिथं दोघांनी ओढायची जुनी करवतच चालवावी लागते.

*पाणी.* वाटेचा सर्वात मोठा शत्रू पावसाचं पाणी. ते वाटेवरूनच वाहू लागलं की वाटेची नाली होते. म्हणून दगड किंवा लाकूड तिरपं बसवून पाणी बाजूला काढतात, चढावर दगडी पायऱ्या करतात. क्लबच्या आवाक्याबाहेरच्या अशा कामांसाठी खास तुकड्या पाठवल्या जातात. व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातली 'कोनारॉक' तुकडी १९८३ पासून हे काम करतेय.

*सीमा.* वाट दिसते दोन-तीन फूट रुंदीची, पण तिच्या दोन्ही बाजूंना संरक्षित पट्टा असतो. त्यात कोणी झाडं तोडली का, कचरा टाकला का, गाडी घातली का, हे स्वयंसेवक सीमेवरून फिरून पाहतात. अतिक्रमण सापडलं की पत्रव्यवहार, मोजणी आणि शेजाऱ्याशी बोलणी प्रादेशिक कार्यालय आणि सरकारी खातं मिळून करतात.

*गर्दी.* रोअनोकजवळच्या मॅकॅफी नॉब या कड्याचे फोटो इतके गाजले की सुट्टीच्या दिवशी तिथं वाहनतळ पुरेना. अशा ठिकाणी उत्तर डोंगरावर सापडत नाही. स्थानिक प्रशासनानं पायथ्यापर्यंत बस सुरू करावी, रस्ता ओलांडण्याची सोय व्हावी, यासाठी बोलावं लागतं. वाटेवर हंगामी कर्मचारीही फिरत असतात. ते लोकांना कचरा परत नेण्याबद्दल, शेकोटीबद्दल समजावतात. दंड करण्याचा अधिकार त्यांना नसतो.

अधिकार नाही, मग काम होतं कसं?

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं ऐकून वनपरिक्षेत्र अधिकारी आठवेल. खापा हे नागपूर वनविभागातलं एक वनपरिक्षेत्र आहे. तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती कायद्यानं दिलेले अधिकार असतात, हाताखाली वनपाल आणि वनरक्षक असतात. एटीसीच्या प्रादेशिक प्रमुखाकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं. जमीन संस्थेची नसते. गुन्हा नोंदवायचा तर तो सरकारी यंत्रणेनंच. क्लब स्वतंत्र असतात, त्यांचे पदाधिकारी त्यांनीच निवडलेले असतात. स्वयंसेवक तर शनिवारी सकाळी यायचं की नाही, हेही स्वतःच ठरवतात.

म्हणून या पदावरच्या माणसाचं खरं भांडवल म्हणजे लेखी करार आणि विश्वास. क्लबांचे आणि सरकारी खात्यांचे प्रतिनिधी एकत्र बसतील अशी समिती प्रत्येक विभागात असते. राष्ट्रीय उद्यान सेवा, वन सेवा, राज्यांची खाती आणि क्लब यांचे अग्रक्रम वेगवेगळे असतात. वनखात्याला पर्यावरणीय तपासणी पूर्ण झाल्याशिवाय वाट वळवू द्यायची नसते, तर क्लबला पावसाळ्याआधी काम उरकायचं असतं. दोघांचं बरोबर असतं. मधला माणूस घाई करून क्लबला झुकतं माप देऊ लागला तर परवानगी अडते, आणि नुसते नियम सांगत बसला तर स्वयंसेवक घरी बसतात.

वाट वेगळी, जमीन वेगळी

ही व्यवस्था किती नाजूक आहे, ते २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दिसलं. 'अटलांटिक कोस्ट पाइपलाइन' ही गॅसवाहिनी व्हर्जिनियात या वाटेखालून, सुमारे ६०० फूट खोलीवरून न्यायची होती. वाटेचं प्रशासन राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, मग वन सेवा परवानगी देऊ शकते का, असा प्रश्न होता. जून २०२० मध्ये न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की देऊ शकते. वन सेवेच्या जमिनीवरून वाट जाते म्हणजे तिथं वाटेचा हक्क आहे. खालची जमीन वन सेवेचीच राहते. पुढच्याच महिन्यात कंपन्यांनी वाढता खर्च आणि विलंब यांमुळे तो प्रकल्प सोडून दिला. निकाल मात्र कायम आहे.

थोडक्यात, राष्ट्रीय कायदा, शंभर वर्षांचा इतिहास आणि हजारो स्वयंसेवक असूनही वाट ही दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याची परवानगीच राहते. ती जपण्यासाठी कोणीतरी त्या भागात राहून प्रत्येक मालकाशी संबंध टिकवावे लागतात. दूरच्या मुख्यालयातून ते होत नाही.

हेलेन वादळानं घेतलेली परीक्षा

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी हेलेन चक्रीवादळाचा तडाखा दक्षिण विभागाला बसला. नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी आणि नैर्ऋत्य व्हर्जिनियात वाटेवर हजारो झाडं आडवी झाली, दरडी कोसळल्या. टेनेसीत नॉलिचकी नदीवरचा चेस्टोआ पूल वाहून गेला. विभागाचं कार्यालय ज्या अ‍ॅशव्हिलमध्ये आहे, त्या शहरात सात आठवड्यांहून अधिक काळ पिण्यायोग्य नळाचं पाणी नव्हतं.

अशा वेळी पहिलं काम वाट उघडण्याचं नसतं. लोकांना 'येऊ नका' असं सांगावं लागतं. ज्या गावांचे स्वयंसेवक झाडं कापणार, त्यांचीच घरं पडलेली असतात. त्यानंतर कोणत्या तुकड्यावर किती नुकसान झालंय ते पाहणं, प्रमाणपत्र असलेल्या करवतवाल्यांना धोकादायक जागी आणि इतरांना सोप्या जागी लावणं, पर्यायी वाट आखणं असा क्रम लागतो. चेस्टोआचा पूल नसल्यानं २०२५ च्या हंगामात चालणाऱ्यांना नावेतून नदीपार नेण्याची सोय केली गेली. क्लबांची यादी, त्यांचे तुकडे आणि आराखडे आधीपासून तयार होते म्हणूनच इतक्या मोठ्या पट्ट्यात कामाची वाटणी करता आली.

खाप्याच्या बाजूनं पाहिलं तर

भारतात लांब पल्ल्याच्या पायवाटांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. कन्हानच्या खोऱ्यातून सातपुड्याकडे अशी एखादी वाट आखायची म्हटली तर ती खासगी शेतं, पांदण रस्ते, महसुली जमीन, राखीव जंगल आणि दोन राज्यांची हद्द ओलांडेल. पांदणीचा वाद तहसीलदाराकडे जातो. अभयारण्यात पाऊल टाकायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळालेल्या ठिकाणी जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे असतं. शिवाय हे वाघाचं रान आहे, तिथं माणसानं कधी आणि किती चालावं याला मर्यादा असणारच.

पण सेवाभावी माणसांची इथं वाण नाही. नागद्वारीची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून साधारण दहा दिवस, नागपंचमीच्या सुमारास, भाविकांसाठी उघडते. विदर्भातली मंडळं त्या काळात तिथं जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतात, बंदोबस्त मध्य प्रदेशातलं प्रशासन पाहतं. स्वयंसेवक आहेत, सरकारी यंत्रणा आहे, चालणारेही आहेत.

अ‍ॅपलेशियनचा अनुभव पाहता, या तिघांना वर्षभर जोडून ठेवणाऱ्या माणसाची जागा हीच सगळ्यात महत्त्वाची ठरते. त्याचं काम सुरू व्हायला मोठा निधी लागत नाही. कोणता तुकडा कोण पाहणार, परवानगी कोणाकडून घ्यायची आणि कचरा कोण खाली आणणार, हे किलोमीटरनिहाय लिहिलेला एक कागद आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. एटीसीच्या क्लबांचे आराखडे मुळात असेच कागद आहेत.