उधन्याची शेअर रिक्षा : मीटरविना चालणारा हिशेब

सुरत शहराच्या दक्षिणेकडील उधना हा यंत्रमाग आणि लहान-मोठ्या कारखान्यांचा परिसर. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरील उधना जंक्शनपासूनच तापी खोऱ्यातून जाणारा सुमारे ३०६ किलोमीटरचा मार्ग जळगावकडे फुटतो. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर ही त्यावरील स्थानके. याच मार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे रोजगारासाठी सुरतेत आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यामुळे गुजरातेत असूनही येथील रस्त्यांवर मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. या वस्तीची दैनंदिन वाहतूक मोठ्या प्रमाणावर शेअर रिक्षांवर अवलंबून आहे.

दारात रिक्षा बोलावणे किंवा मोटारसायकल पायलटच्या मागे बसणे याची सवय असलेल्या गोमंतकीयाला ही व्यवस्था प्रथमदर्शनी गोंधळाची वाटते. प्रत्यक्षात तिचे नियम ठरलेले आहेत. ते फक्त कोठे लिहिलेले नाहीत. रिक्षा ठराविक रस्त्यावरून सरळ धावते. चालक पुढील ठिकाणाचे नाव पुकारतो, प्रवासी हात दाखवून थांबवतो आणि उतरताना टप्प्याप्रमाणे पैसे देतो. मीटरला येथे काम नसते. संपूर्ण रिक्षा एकट्यासाठी हवी असल्यास ‘स्पेशल’ असे सांगावे लागते. तिचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवणे शहाणपणाचे. हा शब्द न उच्चारता बसलेल्या प्रवाशाने वाटेत आणखी माणसे घेतली म्हणून तक्रार केल्यास चालकालाच आश्चर्य वाटते.

नवख्याची खरी फसगत होते ती नावांमुळे. ‘उधना दरवाजा’ हे ठिकाण उधन्यात नाही. सुरतेच्या जुन्या बाह्य तटबंदीच्या वेशीचे ते नाव असून ते रिंग रोडलगत, उधना स्थानकापासून काही किलोमीटर शहराच्या बाजूला आहे. ‘उधना तीन रस्ता’ हे आणखी वेगळे. म्हणून नुसते ‘उधना’ न म्हणता स्टेशन, दरवाजा की तीन रस्ता, हे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते. सुरत स्थानकाच्या पुनर्विकासाच्या कामामुळे काही गाड्यांचे थांबे उधन्याला हलविण्यात आल्यापासून या खबरदारीचे महत्त्व वाढले आहे.

२०१४ मध्ये सुरतेत बीआरटीएस बससेवा सुरू झाली. उधना दरवाजा ते सचिन हा तिच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक. तरीही शेअर रिक्षा टिकून राहिली, याचे कारण कामाच्या वेळांत आहे. यंत्रमागांवर बहुधा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. पाळी सुटताच कामगारांचा लोंढा एकाच वेळी रस्त्यावर येतो आणि बसथांब्यापासून आतल्या गल्लीपर्यंत पोहोचवणारे वाहन त्याला हवे असते. चालकालाही रिकामे धावणे परवडत नाही. दोघांच्या या गरजेतून तीन प्रवाशांच्या परवान्याच्या रिक्षात पाच-सहा जण बसतात. चालकाच्या दोन्ही बाजूंना अर्धे बाहेर लोंबकळणारे प्रवासीही दिसतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९४-अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड होऊ शकतो आणि जादा प्रवासी उतरवून त्यांची पर्यायी सोय होईपर्यंत वाहन पुढे नेता येत नाही. मात्र प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेणे एवढ्यावरून रिक्षा बेकायदा ठरत नाही, कारण कायद्यातील कंत्राटी वाहनाच्या (कॉन्ट्रॅक्ट कॅरेज) व्याख्येत मोटारकॅबला तशी मुभा आहे. आक्षेप आहे तो गर्दीवर, वाटून घेतलेल्या भाड्यावर नव्हे.

या गर्दीचा दुसरा धोका चोरीचा आहे. आधीपासून बसलेले ‘प्रवासी’ चालकाचेच साथीदार असतात. जागा अपुरी असल्याचे सांगून ते नव्या प्रवाशाला पुढे-मागे सरकायला लावतात आणि तेवढ्यात खिशातील रोकड किंवा मोबाईल लांबवतात. अशा टोळ्या सुरत पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. पगाराच्या दिवशी रोख रक्कम घेऊन निघालेला कामगार आणि सामानासह गाडीतून उतरलेला पाहुणा हे दोघे त्यांचे सोपे सावज असतात. प्रामाणिक चालकांची संख्या कितीतरी मोठी असली, तरी संशयाची झळ त्यांनाही बसते.

त्यामुळे रात्री उतरणाऱ्याने शेअर रिक्षापेक्षा स्पेशल रिक्षा करावी, बसण्यापूर्वी क्रमांक टिपून घ्यावा (सुरतेच्या वाहनांवर बहुतांशी ‘जीजे ०५’ ही अक्षरे आढळतात) आणि रोकड आतल्या खिशात ठेवावी. सुटे पैसे जवळ असावेत. दहा रुपयांच्या टप्प्यासाठी पाचशेची नोट पुढे केल्यास मागे खोळंबलेले चार प्रवासी नाराज होतात. संकटप्रसंगी ११२ हा क्रमांक, तर महिलांसाठी गुजरात सरकारची १८१ ही ‘अभयम’ सेवा उपलब्ध आहे. भाषेची मात्र चिंता नसावी. गुजराती येत नसेल तर मराठीत विचारावे. शेजारी बसलेला प्रवासी नंदुरबार किंवा अमळनेरकडचा निघण्याची शक्यता मोठी असते, आणि मग योग्य भाडे किती, हे तोच सांगतो.