खोलीतला आवाज आणि टेपवरचा आवाज

मेम्फिस, मार्च १९५१

युनियन ॲव्हेन्यूवरच्या ७०६ क्रमांकाच्या छोट्याशा स्टुडिओत तुम्ही पाऊल टाकता, तेव्हा स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स एका गिटार ॲम्पच्या पोटात कागद कोंबतोय. आइक टर्नरची मंडळी मिसिसिपीहून गाडीने आली आहेत. ॲम्पला मार बसलाय, स्पीकरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, गेलाय आणि दुरुस्तीला वेळ नाही. त्यांचा गिटारवादक विली किझार्ट तार छेडतो. जखमी कोनातून जाड, खरखरीत गुरगुर बाहेर पडते. दुसऱ्या कुणी इथेच रेकॉर्डिंग रद्द केलं असतं. फिलिप्सला मात्र हा आवाज भावतो. काही महिन्यांतच इथे टिपलेलं 'रॉकेट ८८' हे गाणं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचेल.

ट्यूब ॲम्प खरा की त्याच्या आवाजाची प्रतिकृती करणारा डिजिटल मॉडेलर, हा वाद डोक्यात घेऊन तुम्ही या प्रवासाला निघाला आहात. तर पहिली नोंद इथेच करून ठेवा. मोजमापाच्या भाषेत जो बिघाड होता, त्याला टोनचा मान दिला तो ऐकणाऱ्या कानाने.

हॅनवेल, पश्चिम लंडन, १९६२

हे जिम मार्शलचं ड्रमचं दुकान. ड्रमवाल्यांच्या मागोमाग त्यांचे गिटारवाले मित्रही इथे येऊ लागलेत. पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर अशी तरुण पोरं ॲम्प मागतायत, आणि अमेरिकेहून येणारे ॲम्प फार महाग पडतात. म्हणून दुरुस्तीचं काम बघणारा केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन फेंडरच्या 'बेसमन' ॲम्पची रचना समोर ठेवून नवा ॲम्प जुळवतायत. बघा, पण आत बोट घालू नका. तिथे चारशेच्या आसपास व्होल्ट खेळतायत, आणि प्लग काढला तरी कॅपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतात.

काचेच्या ट्यूबमध्ये फिलामेंट नारिंगी होतं. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात, आणि मधली जाळी गिटारच्या इवल्याशा व्होल्टेजच्या तालावर त्यांचा ओघ कमी-जास्त करते. इथवर आवाज स्वच्छ असतो. तार जोरात छेडली की ट्यूबची ताकद कमी पडू लागते, पण ती एकदम हात टेकत नाही. लाटेचे माथे आधी वाकतात, मग चपटे होतात. त्या वाकण्यातून नवे उपस्वर जन्मतात: ११० हर्ट्झच्या 'ए' तारेसोबत २२०, ३३०, ४४०, ५५०. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो, तो याच मालिकेतला पाचवा. तंबोऱ्यात घोडीवरचं सूत उपस्वरांना उठाव देतं. इथे ते काम ट्यूब करते.

आता ब्रॅन आणि क्रेव्हननी काय बदललं ते पाहा. सुरुवातीच्या ट्यूबच्या जागी त्यांनी ईसीसी८३ बसवली. तिची आवाज वाढवण्याची क्षमता बेसमनमधल्या ट्यूबच्या दुपटीहून जास्त आहे. बेसमनची पेटी मागून उघडी आणि तिचे स्पीकर १० इंची. मार्शलकडे सेलेशनचे १२ इंची स्पीकर पाठ बंद असलेल्या पेटीत बसतात. बेसमनबरहुकूम करायला घेतलेला ॲम्प स्वतःच्याच गळ्याने बोलू लागतो. मॉडेलरला 'नक्कल' म्हणून हिणवणाऱ्यांनी या टेबलापाशी घटकाभर थांबावं. ज्या आवाजाला ते अस्सल मानतात, त्याची सुरुवातही नकलेतूनच झाली.

वेस्ट हॅम्पस्टेड, लंडन, १९६६

डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडचं रेकॉर्डिंग चाललंय. गिटारवर तरुण एरिक क्लॅप्टन. हातात गिब्सन लेस पॉल, मागे दोन स्पीकरचा मार्शल. स्टुडिओचा रिवाज असा की ॲम्प हळू ठेवायचा आणि माइक जवळ लावायचा. क्लॅप्टन आवाज कमी करायला साफ नकार देतो. इंजिनिअर गस डजियनसमोर पेच पडतो, आणि शेवटी माइक दूर सरकतो.

क्लॅप्टनचा हट्ट समजून घ्यायचा तर आधी ॲम्पसमोर उभे राहा. आवाज छातीवर आदळतो. जोरदार आघातासरशी ॲम्पचा वीजपुरवठा क्षणभर दबतो, त्यामुळे सुरुवातीची धार बसते. मग तार विझू लागते तशी वीज सावरते आणि सूर पुन्हा फुलून येतो. स्पीकरने हललेली हवा तारांना परत कंप देते, म्हणून धरलेला सूर लवकर मरत नाही. वादकाची बोटं या सगळ्याला क्षणोक्षणी उत्तर देत असतात. मनगट हलकं केलं की टोन स्वच्छ, जोर लावला की कडा फुटतात. हळू आवाजात हा संवाद निम्मा हरवतो.

आता काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये या. तोच सूर, पण आवाज वेगळा. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो. माइक आपला रंग चढवतो, खोली आपला, टेप आपला. शिवाय इथे आवाज हळू आहे. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणखी कमी ऐकू येतो. म्हणजे तुमच्या कानानेही एक फेरफार केला.

रेकॉर्डवर जाणार तो हा दुसरा आवाज. पुढची साठ वर्षं गिटारवाले ज्याचा ध्यास घेतील तो टोन हाच, आणि त्यांतले जवळजवळ कुणीच त्या खोलीत नव्हते. काचेच्या अलीकडचा आवाज वादकाचा, पलीकडचा श्रोत्याचा. आपल्या वादातला मोठा गोंधळ हे दोन आवाज एकच समजण्यातून होतो.

कॅलिफोर्निया, १९९८

लाइन ६ कंपनीचं 'पॉड' नावाचं लाल यंत्र टेबलावर मावतं. त्यात ट्यूब नाही, स्पीकर नाही. लाटेचे माथे कसे वाकावेत याचं गणित आहे. सुरुवातीच्या मॉडेलरबद्दल वादक कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीला आधार आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या यंत्रात २४,००० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. तिथे ३०,००० चा उपस्वर तयार झाला तर तो दुमडून १८,००० वर येतो, आणि मूळ स्वराशी त्याचं काही नातं उरत नाही. आवाज काचेसारखा टोचतो. पुढे हिशेबाचा वेग कित्येक पटींनी वाढवून हा दोष आटोक्यात आणला गेला. २०११ मध्ये जर्मनीचा केम्पर नावाचा मॉडेलर आला. तो खऱ्या ॲम्पमधून चाचणीचे आवाज सोडतो, माइकने परत ऐकतो आणि त्यावरून प्रतिकृती बांधतो. लक्षात घ्या, त्याने टिपलेला असतो तो माइकने ऐकलेला आवाज, काचेपलीकडचा.

आज, तुमच्याच खोलीत

एकाच वाजवण्याचे दोन तुकडे ऐका, एक ट्यूबचा, एक मॉडेलरचा. आधी दोन्हींची पातळी काटेकोर जुळवून घ्या, कारण एखाद्या डेसिबलने मोठा तुकडा आपल्याला 'भरदार' वाटतो आणि आपण त्याचं श्रेय ट्यूबला देऊन मोकळे होतो. मग नावं झाकून १६ वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून तिथवर पोहोचलात तरच फरक ऐकू आला म्हणा. सोबत ड्रम आणि बेस चालू केले की हे काम आणखी अवघड होतं, कारण गिटारचे बारकावे त्यांच्याखाली झाकले जातात.

त्यानंतर गिटार स्वतः हातात घ्या. व्हॉल्यूम १० वरून ४ वर आणा, मनगट सैल सोडा, आणि समोरचं यंत्र सोबत येतं का बघा. यंत्राला हिशेबासाठी लागणाऱ्या तीन मिलिसेकंदांची धास्ती नको. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम एक मीटर जातो, आणि स्टेजवर वादक ॲम्पपासून त्याहून लांब उभा असतो. फरक शोधायचा तो छातीवर येणाऱ्या धक्क्यात, फुलत्या सुरात, तारांना मिळणाऱ्या कंपात. तो जाणवला तर तुमची ट्यूबवरची माया खरी आहे. तिच्यासाठी जड पेटी वाहून नेणं आणि झिजलेल्या ट्यूब बदलणं सार्थ आहे. पण त्याच जोरावर हेडफोनवर ऐकणाऱ्याला 'तुला टोन कळत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्यापर्यंत तो धक्का पोहोचतच नाही. माइकमधून आलेला आवाज पोहोचतो, आणि तो आज मॉडेलरही चोख देतो.

म्हणून पुढच्या वेळी हा वाद रंगला की तीन गोष्टी विचारा: ऐकणारा कुठे आहे, आवाज किती मोठा आहे, आणि नावं झाकली आहेत का? या तिन्हींची उत्तरं हाती येईपर्यंत कुणाच्याही टोनला खोटं ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.