‘संप’ की ‘बंड’? : ‘तलवार’वरील नाविक आणि त्यांची शब्दयोजना

मुंबईच्या कुलाबा भागातील ‘तलवार’ हे शाही हिंदी नौदलाचे ‘जहाज’ पाण्यावर कधी तरंगले नाही. ते संदेशवहनाचे शिक्षण देणारे, भूमीवर वसलेले केंद्र होते. किनाऱ्यावरील संस्थेसही जहाजच मानण्याची नौदलाची रूढी असल्यामुळे तिच्या नावाआधी ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ ही उपाधी लागे आणि फाटकाबाहेर पडणारा नाविक ‘किनाऱ्यावर’ गेला असे म्हटले जाई. नर्मदा, जमना, खैबर, हिंदुस्तान, तलवार ही सारी नावे या देशातील, आणि त्यांच्यामागची मालकी मात्र परक्या राजाची. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी येथे जे घडले त्याची राजकीय कथा पुष्कळांनी सांगितली आहे. त्या घटनेतील शब्दांकडे मात्र तितक्या बारकाईने पाहिले गेलेले नाही. वस्तुतः ‘तलवार’वरील तंटा प्रथम शब्दांवरूनच पेटला, आणि पुढेही त्या घटनेस नाव कोणते द्यावे हा वादाचा एक प्रमुख विषय राहिला.

१९३९ साली या नौदलाचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आत होते. युद्धाअखेर ते पंचवीस हजारांवर गेले. इतकी भरती आश्वासनांवाचून होत नसते. उत्तम वेतन, धंदेशिक्षण, युद्धोत्तर नोकरीची आशा अशा आमिषांनी तरुण आले. पदरी पडले ते निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांच्या मानाने तुटपुंजे वेतन आणि सैन्यविसर्जनाची टांगती तलवार. ही गाऱ्हाणी सर्वच तळांवर होती. मग ठिणगी संदेशवहनाच्या केंद्रातच का पडली? या शाखेत येणाऱ्यास इंग्रजी लिहितावाचता येणे आवश्यक असे. इतर शाखांतील नाविकांपेक्षा हे तरुण अधिक शिकलेले होते, वृत्तपत्रे वाचणारे होते. आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्याची वार्ता त्यांच्या बराकीत रोज पोहोचत होती. १ डिसेंबर १९४५ च्या नौदलदिनी केंद्राच्या भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा रंगविलेल्या आढळल्या. २ फेब्रुवारी १९४६ रोजी तशाच घोषणांच्या प्रकरणी बलाईचंद्र दत्त हा तारायंत्री पकडला गेला. चौकशीत त्याने आपणास राजकीय कैदी म्हणून वागवावे अशी मागणी केली. शिस्तभंगाचा आरोपी आणि राजकीय कैदी यांतील अंतर त्यास नेमके ठाऊक होते.

त्यानंतर ८ फेब्रुवारीचा प्रसंग घडला. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी बराकीतील नाविकांस उद्देशून अपशब्द वापरले, अशी लेखी तक्रार १४ जणांनी केली. तक्रारीत नमूद असलेले शब्द पाहण्यासारखे आहेत. कुत्रीची पिल्ले ही शिवी इंग्रजी मुशीतली. परंतु त्यापुढील ‘कुलींची पोरे’ आणि ‘जंगल्यांची पोरे’ या शिव्यांतील मुख्य शब्द येथूनच इंग्रजीत गेलेले आहेत. ‘कुली’ हा येथे मजुराचा वाचक. त्यात कष्ट आहेत, कलंक नाही. ‘जंगली’ शब्दात थोडी हेटाळणी आपणही करतो, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु साहेबाच्या तोंडी हे शब्द वंशवाचक झाले. उसना घेतलेला शब्द असा विटाळून मूळ धन्याच्या अंगावर फेकला जावा आणि तो ऐकणाऱ्यास दोन्ही भाषांतील अर्थ कळावेत, यामुळे अपमान दुणावला. इंग्रजी न जाणणाऱ्या शिपायास यातले निम्मेच समजले असते. नौदलाने ज्या ज्ञानासाठी हे तरुण निवडले, त्याच ज्ञानाने त्यांना ही शिवी पूर्णपणे कळली. तक्रारीवर उत्तर आले ते असे, की खोटी तक्रार करणे हा गुन्हा आहे.

१८ तारखेस ‘तलवार’वरील सुमारे १,५०० नाविकांनी अन्न व काम दोन्ही नाकारले. दुसऱ्या दिवशी मध्यवर्ती समिती स्थापन झाली, एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. दोघेही संदेशवहन शाखेतलेच. समितीने आपल्या नावात ‘स्ट्राइक’ हा शब्द घातला. ही निवड सहज झालेली नसावी. नौदलाच्या शिस्तकायद्यात संप नावाची कोटीच नव्हती. सामुदायिक अवज्ञेस तेथे एकच नाव, ‘म्यूटिनी’, आणि त्यास देहान्तापर्यंत शिक्षा. ‘संप’ म्हणताच नाविक हा वेतनासाठी श्रम विकणारा नागरिक ठरतो आणि अधिकारी हा मालक. मालकाशी वाटाघाट करता येते. मुंबई ही गिरण्यांची नगरी असल्याने तो शब्द येथे कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. मराठीतील ‘संप’चा जुना अर्थ एकमत, एकजूट असा आहे, गुजरातीत तो आजही तसाच आहे. मागण्यांत मात्र वेतन आणि अन्न यांच्या जोडीला आझाद हिंद सैनिकांची मुक्तता व इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे ही कलमे होती, आणि ती संपाच्या मर्यादेत बसत नव्हती. ही विसंगती समितीस सोडविता आली नाही. प्रामाणिकपणे पाहता ती सोडविण्यासारखीही नव्हती.

उठाव पसरला तो याच शिक्षणाच्या बळावर. जहाजांवरील बिनतारी यंत्रे आणि संकेतदीप ज्यांच्या हाती, तेच संपात उतरले होते. ७८ जहाजे, २० किनारी संस्था व २०,००० नाविक हे आकडे सामान्यतः दिले जातात. २१ तारखेस कॅसल बराकीशी गोळीबार झाला, आणि नौदलाधिपती गॉडफ्रे यांनी प्रसंगी नौदलाचा नाश पत्करू अशी धमकी नभोवाणीवरून दिली. त्याच सुमारास नागरिक नाविकांसाठी गेटवेपाशी अन्न आणून देत होते. २२ तारखेस शहरात गिरण्यांचा संप व दुकानांचा हरताळ एकत्र आले. त्या दोन दिवसांच्या गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मेली. परळला बळी पडलेल्या कमल दोंदे त्यांपैकीच एक. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस शरणागती झाली, आणि समितीने जाहीर केले की ती हिंदुस्थानास आहे, ब्रिटनला नाही. पराभवातही शब्दावरचा ताबा सोडावयाचा नाही, हा तो आग्रह होता. काँग्रेसच्या पुढाऱ्यांना सैन्यातील शिस्त मोडलेली नको होती. उद्याच्या सरकारच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते, पण नाविकांस दिलेले अभय टिकले नाही. ४७६ जणांना सेवेतून काढण्यात आले.

फेब्रुवारी संपता संपता जबलपूरच्या सैन्यातील संदेशवहन शिक्षणकेंद्रातही जवान बराकींबाहेर पडले. पुन्हा संदेशवाहकच, आणि पुन्हा शिकाऊ. त्या घटनेचा बोभाटा झाला नाही, कारण तेथे बंदर नव्हते, गिरण्या नव्हत्या आणि गोष्ट सैन्याच्या कुंपणाआतच दडपता आली. नाटककारांचे लक्ष मात्र समुद्राकडेच गेले. उत्पल दत्त यांनी १९६५ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगमंदिरात ‘कल्लोल’ सादर केले; त्यातील ‘खैबर’ शरण जात नाही. इतिहासातील ‘खैबर’ शरण गेली होती. हा बदल अज्ञानाने झालेला नाही. दत्त यांना ‘संप’ हा शब्द अपुरा वाटत होता, त्यांना ‘क्रांती’ हवी होती. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाला अन्नाच्या आणि वेतनाच्या तक्रारींत तथ्य आढळले, परंतु घटनेला नाव देताना त्याने कायद्यातलाच शब्द वापरला. पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलाने आपल्या दोन टग नौकांना मदन सिंग व बी. सी. दत्त यांची नावे दिली.